लढाऊ विमानाचे मॉडेल : हुनर, क्रम आणि तासांचा हिशेब

गाडीला रंग मारणारा, लाकडाला पॉलिश करणारा, घड्याळ दुरुस्त करणारा आणि सोन्याचांदीवर जडावकाम करणारा, या चारही कारागिरांची हातोटी ज्यात लागते असे एक काम आहे. ते म्हणजे विमानाचे अचूक मापाचे मॉडेल जोडणे आणि रंगवणे. परदेशात हे काम बहुतेक लोक हौस म्हणून करतात. आपल्याकडे हौशी मंडळी थोडी आहेत. पण कार्यालयाच्या काचेच्या कपाटात, शाळेच्या प्रदर्शनात किंवा निवृत्त अधिकाऱ्याच्या दिवाणखान्यात ठेवण्यासाठी चांगले मॉडेल करून देणारा माणूस लोक शोधत असतात, आणि तो सहसा सापडत नाही.

आमचा मूळ धंदा गाड्यांच्या रंगकामाचा. गेली काही वर्षे आम्ही मागणीप्रमाणे विमानांची मॉडेलेही करून देतो. सुरुवातीला आम्ही त्यात जो तोटा खाल्ला तो इतरांनी खाऊ नये, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

आमची पहिली मोठी ऑर्डर एका संस्थेकडून आली. सुखोई-३० चे मॉडेल, लाकडी चौथरा व नावाची पाटी यांसह, पंधरा दिवसांत हवे होते. आम्ही किटची किंमत पाहिली, रंगाचा खर्च धरला, वर थोडा नफा ठेवला आणि आकडा सांगून टाकला. महिना जुलैचा होता. पहिला रंग पांढरट पडला. दुसऱ्या वेळी रंग चांगला बसला, पण चिन्हांखाली हवा राहून ती चांदीसारखी चमकू लागली. सगळे निस्तरून विमान चाकांवर उभे केले, तर ते मागे कलंडून शेपटीवर बसले. काम सव्वा महिन्याने पोचले आणि उशिराबद्दल ठरलेल्या पैशांतून कपात झाली. वही उघडून तास मोजले, तेव्हा नव्या शिकाऊ मुलाला देतो तेवढीही मजुरी आमच्या पदरात पडली नव्हती.

नंतर शांतपणे विचार केला. हात आमचे कच्चे नव्हते, कामाचा क्रम चुकला होता. या कामात प्लास्टिक स्वस्त आणि वेळ महाग असतो, आणि वेळेचा मोठा भाग चुका दुरुस्त करण्यात जातो. ज्याने क्रम सांभाळला त्याचे तास वाचतात, आणि ज्याने तास मोजले त्यालाच खरा भाव सांगता येतो. पुढची सगळी माहिती या दोन गोष्टींभोवती आहे.

विमान कोणते, माप कोणते?

आमच्याकडे सर्वांत जास्त मागणी सुखोई-३० एमकेआय या विमानाला असते. त्याचे कारण उघड आहे. या विमानाचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. रशियाबरोबरचा पहिला करार १९९६ साली झाला. २७ सप्टेंबर २००२ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावर हे विमान हवाई दलात रीतसर दाखल झाले. पुढे नाशिकजवळ ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात त्याची परवान्याखाली बांधणी सुरू झाली आणि तेथील पहिले विमान २००४ साली हवाई दलाला मिळाले. या कारखान्यात किंवा तळावर नोकरी केलेल्या माणसाला आपल्या विमानाचे मॉडेल घरात असावे असे वाटते. अशा गिऱ्हाइकाला विमान आपल्यापेक्षा जास्त माहीत असते, हे मात्र लक्षात ठेवावे.

मॉडेलची मापे ठरलेली आहेत. १/७२ म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तर मीटरला मॉडेलचा एक मीटर. इंग्रजी मापात एक इंच म्हणजे सहा फूट. १/४८ मध्ये पाव इंच म्हणजे एक फूट. खरे सुखोई-३० एमकेआय सुमारे २१.९ मीटर लांब आणि पंखांच्या टोकांपर्यंत १४.७ मीटर रुंद आहे. म्हणजे १/७२ मध्ये मॉडेल ३०५ मिलिमीटर लांब व २०४ मिलिमीटर रुंद होते. १/४८ मध्ये ते ४५७ मिलिमीटर लांब व ३०६ मिलिमीटर रुंद होते. ऑर्डर घेताना गिऱ्हाइकाच्या कपाटाचे माप आधी विचारावे. दीड फुटाचे विमान एक फुटाच्या कप्प्यात बसत नाही, ही गोष्ट साधी वाटते, पण विसरली जाते.

किट घेताना नाव नीट वाचावे. खोक्यावर 'सुखोई-३०' लिहिले म्हणजे ते आपल्या हवाई दलाचेच असे नाही. चीनसाठी बनवलेल्या सुखोई-३० एमकेके या विमानाला कॉकपिटच्या मागे असणारे छोटे पुढचे पंख नाहीत. त्यांना कॅनार्ड म्हणतात, आणि एमकेआयची ती मोठी खूण आहे. उलट रशियाचे सुखोई-३० एसएम हे एमकेआयवरूनच तयार झालेले आहे. त्यामुळे झ्वेझ्दा या रशियन कंपनीचे १/७२ मापाचे एसएमचे किट घेऊन, अँटेना व उपकरणांचे छोटे फरक करून आपले विमान उभे करता येते. गिऱ्हाइकाने क्षेपणास्त्रे मागितली, तर कोणत्या सालचे विमान दाखवायचे ते आधी ठरवावे. या विमानातून ब्राह्मोसचा पहिला मारा २२ नोव्हेंबर २०१७ रोजी झाला. त्याआधीच्या विमानाच्या पोटाखाली ब्राह्मोस लावले की जाणकार लगेच बोट ठेवतो.

ज्यांना हात बसवायचा आहे त्यांनी सुरुवात सुखोईपासून करू नये. मिग-२१ सारखे एका इंजिनाचे छोटे विमान १/७२ मापात घ्यावे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले. तेही ओझरलाच बांधले जात असे. त्यामुळे शिकताना केलेले मॉडेलही पडून राहण्याची भीती कमी.

खोके उघडल्यावर

किटमधील भाग पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचे असतात. ते प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटीला चिकटलेले येतात. या चौकटीला स्प्रू म्हणतात. साच्यातून भाग सहज सुटावा म्हणून कारखान्यात तेलकट पदार्थ लावलेला असतो. तो राहिला तर रंग धरत नाही. म्हणून सर्व चौकटी कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाने धुऊन, सावलीत वाळवून घ्याव्यात. गाडीला रंग मारण्यापूर्वी आपण पत्रा पुसून घेतो, त्यातलाच हा प्रकार.

भाग हाताने पिळून तोडू नये. बारीक निपरने आधी भागापासून थोडे दूर कापावे, मग उरलेला खुंट धारदार पातीने काढावा आणि ४००, ६०० व शेवटी १००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून घासावा. ओले घासल्याने धूळ छातीत जात नाही आणि ओरखडेही बारीक राहतात.

चिकटवण्याची तीन साधने जवळ हवीत. पहिले, प्लास्टिकचे पातळ सिमेंट. हे खऱ्या अर्थाने चिकटवत नाही. ते दोन्ही कडा वितळवते आणि त्या एकमेकींत मुरतात, जणू वेल्डिंगच होते. दुसरे, झटपट चिकटणारा सुपरग्लू. पितळेच्या बारीक पट्ट्या, धातूचे भाग यांना सिमेंट चालत नाही, तेथे हा वापरावा. तिसरे, पांढरा फेव्हिकॉल. कॉकपिटची काच याच्यानेच बसवावी, कारण सुपरग्लूची वाफ काचेवर बसून ती धुरकट होते. धुरकट काच पुन्हा पहिल्यासारखी करताना अर्धा दिवस जातो.

कोणतेही दोन भाग जोडण्यापूर्वी ते कोरडेच एकमेकांना लावून पाहावेत. शिंपी बेतलेले कापड आधी अंगाला लावून पाहतो, तसे.

कॉकपिट, हवेचे मार्ग आणि नाकातले वजन

विमानाच्या पोटाचे वरचे व खालचे अर्ध एकदा मिटले की आतल्या भागांना पुन्हा हात लागत नाही. म्हणून कॉकपिट, चाके आत जाण्याच्या खोबण्या आणि इंजिनाकडे जाणारे हवेचे मार्ग आधी रंगवून संपवावे लागतात. सुखोईचे हवेचे मार्ग मोठे आणि चौकोनी तोंडाचे आहेत. आत डोकावले की सांधा लगेच दिसतो. घड्याळजींची सवय येथे कामाला येते. चिमटा, भिंग, चांगला दिवा आणि न थरथरणारे मनगट. कॉकपिटमधल्या पट्ट्यांवर आधी काळा रंग द्यावा, मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट राखाडी रंग वरच्या वर फिरवावा. बटणांची टोके आपोआप उठून दिसतात.

आता वजनाची गोष्ट. या विमानाला एक चाक-संच नाकाखाली आणि दोन पंखांखाली असतात. मॉडेलचा तोल मागच्या चाकांच्या पुढे पडला पाहिजे, नाहीतर ते शेपटीवर बसते. पोट मिटण्यापूर्वी सर्व मोठे भाग टेपने तात्पुरते बांधावेत, मागच्या चाकांच्या जागी दोन बोटांवर विमान तोलावे आणि ते पुढे झुकेपर्यंत नाकात वजन घालावे. आम्ही बेअरिंगच्या जुन्या गोळ्या सुपरग्लूने पक्क्या बसवतो. शिसे फेव्हिकॉलमध्ये बसवू नये. पुढे काही वर्षांत त्यांची रासायनिक क्रिया होऊन वजन फुगते आणि नाक उकलते. गिऱ्हाईक तेव्हा आपल्यालाच बोल लावते.

दोन बोटांवर तोलण्याच्या या पाच मिनिटांनी आमचे पहिले काम वाचले असते.

सांधे : चांगल्या कामाची खरी परीक्षा

मापाचे गणित येथे डोळे उघडते. १/७२ च्या मॉडेलवर ०.३ मिलिमीटरची फट राहिली, तर खऱ्या विमानावर ती २१ मिलिमीटरहून मोठी झाली. एवढी फट असलेले विमान कोणी उडवील का? रंगाचेही तसेच. ०.१ मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे खऱ्या विमानावर ७ मिलिमीटरचा लेप. गाडीला जो थर शोभतो तो येथे विमानाचा नाजूकपणा गिळून टाकतो.

सांध्यात सिमेंट घालून दाबले की वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर येते. ती येऊ द्यावी. एक दिवस थांबून ती घासली की सांधा बुजतो. उरलेल्या खाचांत पुट्टी अगदी कमी भरावी. घासताना विमानाच्या पत्र्यांच्या जोडांच्या कोरीव रेषा पुसल्या जातात. त्या सुईसारख्या हत्याराने, जाड टेपची कड पट्टीसारखी धरून, पुन्हा कोराव्यात. जोर देऊन एकदा कोरण्यापेक्षा हलक्या हाताने चार वेळा कोरावे. नक्षीकाम करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

मग राखाडी प्रायमरचा पातळ हात द्यावा. प्रायमरचे एक काम रंगाला पकड देणे, दुसरे काम चुगली करणे. उघड्या प्लास्टिकवर न दिसलेला प्रत्येक ओरखडा तो दाखवतो. दिसलेले दोष दुरुस्त करावेत आणि पुन्हा प्रायमर द्यावा. ही पायरी टाळून आजवर कोणाचा वेळ वाचलेला आम्ही पाहिला नाही.

रंगकाम : गॅरेजची सवय कोठे चालते, कोठे नडते

आमच्यासारख्या गाड्या रंगवणाऱ्यांना वाटते की हे तर रोजचेच काम. ते अर्धेच खरे आहे. गॅरेजमधल्या गनचे तोंड सुमारे १.४ मिलिमीटरचे असते. येथे ०.२ किंवा ०.३ मिलिमीटर तोंडाचा एअरब्रश लागतो. दाब १५ ते २० पाउंड पुरे. रंग दुधाइतका पातळ करावा आणि काही इंचांवरून, हात चालता ठेवून फवारावा. एका जाड हातापेक्षा चार झिरझिरीत हात चांगले.

गॅरेजचे थिनर प्लास्टिकला खाते. त्याचा एक थेंब टाकाऊ स्प्रूवर टाकून पाहा, प्लास्टिक चिकट होऊन विरघळते. म्हणून प्लास्टिकसाठी असलेलाच प्रायमर घ्यावा आणि प्रत्येक नवा रंग आधी स्प्रूवर आजमावून मगच मॉडेलवर न्यावा. दुसरा नियम असा की तेज थिनरचा लॅकर रंग खाली आणि सौम्य रंग वर. इनॅमलवर लॅकर मारला तर खालचा थर सुरकुततो.

आमच्या पहिल्या कामात रंग पांढरट का पडला? थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो. पावसाळी दमट हवेतली वाफ त्या थंड थरावर पाण्याच्या रूपाने बसते आणि रंगात अडकते. मुंबई-कोकणच्या बाजूला जून ते सप्टेंबर हा त्रास ठरलेला. गाड्यांवरही हे होते, पण तेथे आपण घासून, पॉलिश मारून वेळ मारून नेतो. मॉडेलवर घासायला जागाच नसते. कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा फिल्टर लावावा, हळू उडणारे थिनर वापरावे आणि भिंतीवर आर्द्रता दाखवणारे एक स्वस्त घड्याळ टांगावे. काटा ७५ टक्क्यांच्या वर असेल तर आमच्याकडे लॅकर फवारत नाहीत. त्या दिवशी चौथरा, चाके, क्षेपणास्त्रे अशी हातकामे काढतो. पावसाळ्यातली ऑर्डर असेल तर तारीखच मुळात लांबची देतो.

कोणता रंग द्यावा, हे डबीवरच्या नावावरून ठरवू नये. एकाच प्रकारच्या विमानाच्या छटा वर्षागणिक व तुकडीगणिक बदललेल्या आहेत. गिऱ्हाइकाला हव्या असलेल्या सालचे छायाचित्र समोर ठेवावे, त्यावर त्याची सही घ्यावी आणि मगच रंग कालवावा. छोट्या वस्तूवर गडद रंग आणखी गडद दिसतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळून छटा किंचित फिकी करण्याची पद्धत आहे.

विमानाचा मागचा भाग, इंजिनांभोवतीचा, उघड्या धातूचा दिसतो. तेथे आधी चकचकीत काळा रंग द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावर धातूचा रंग फवारावा. काळ्या तळावर धातूला खोली येते. एमकेआयची इंजिनाची तोंडे दिशा बदलणारी आहेत. ती तापून निळसर, तपकिरी पडलेली असतात. हे रंग अत्यंत पातळ करून, कडेकडेने, संशय यावा इतकेच द्यावेत. ज्याने चांदीच्या भांड्याला आच लागलेली पाहिली आहे, त्याचा डोळा येथे चुकत नाही.

काचेवर पट्ट्यांच्या कडेने बारीक टेप लावून, नव्या पातीने कापून, काच झाकून घ्यावी. फवारणी नेहमी हवा खेळती असलेल्या जागी आणि वाफ अडवणाऱ्या काडतुसाचा मास्क लावूनच करावी. नाकाला रुमाल बांधून धूळ अडते, थिनरची वाफ अडत नाही. आपल्या धंद्यातल्या किती उस्तादांची छाती याने गेली, हे सर्वांना ठाऊक आहे.

चिन्हे, मळ आणि शेवटचा हात

हवाई दलाची चिन्हे, नंबर, बारीक सूचना या पाण्यात भिजवून सरकवायच्या पातळ झिल्लीवर छापलेल्या असतात. त्यांना डिकॅल म्हणतात. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. त्यावर डिकॅल लावले की खाली हवेचे कण अडकतात आणि उजेडात चांदीसारखे चमकतात. आमचे दुसरे नुकसान हेच. उपाय सोपा आहे. रंगावर आधी चकचकीत पारदर्शक लेप द्यावा, तो एक-दोन दिवस वाळू द्यावा, मग डिकॅल लावावे, मऊ करणारे द्रावण फिरवावे आणि ओलसर कापसाने मधून कडेकडे हवा व पाणी काढावे.

भारतीय हवाई दलाच्या गोल चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा रंग असतो. घाईत हे उलटे छापलेले आम्ही पाहिले आहे. घरगुती छपाई यंत्रात पांढरी शाई नसते, म्हणून त्यावर छापलेले चिन्ह राखाडी विमानावर फिके पडते. चांगले डिकॅल आजही स्क्रीन प्रिंटिंगने छापले जातात. इटलीतील कार्टोग्राफ ही कंपनी त्यासाठी नावाजलेली आहे. आपल्यातील अनेकांचा स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा लग्नपत्रिका व पिशव्यांवर थांबला आहे. बारीक छपाई ज्यांना येते, त्यांनी हे काम जरूर आजमावून पाहावे.

डिकॅलवर पुन्हा एक पारदर्शक हात द्यावा. मग तेलरंग व्हाइट स्पिरिटमध्ये खूप पातळ करून कोरीव रेषांना कुंचल्याचे टोक लावावे. रंग आपोआप रेषेतून धावतो. सांडलेला रंग अर्ध्या तासाने पुसून घ्यावा. खालचा लेप ॲक्रिलिक किंवा लॅकरचा असेल तरच हे चालते. तेलाचा रंग इनॅमलच्या लेपावर लावून पुसला तर लेपही उठतो. मळ दाखवताना हात आवरावा. सरकारी कार्यालयात ठेवायचे विमान तेलाने माखलेले कोणाला नको असते. शेवटी मंद चमकेचा लेप देऊन सगळे एकजीव करावे.

चाके, त्यांची दारे, क्षेपणास्त्रे आणि नाकावरची बारीक नळी हे सर्वांत शेवटी. प्लास्टिकची नळी हमखास मोडते. तिच्या जागी इंजेक्शनची नवी सुई, टोक बोथट करून, बसवली की ती सरळ व मजबूत राहते.

वहीतले तास

आता हिशेब. हात बसल्यावर १/७२ च्या सुखोईला आमच्या वहीत असे तास पडले : धुणे व तपासणे २, कॉकपिट व आतले भाग ७, जोडणी ११, सांधे व रेषा १०, रंग ९, डिकॅल ६, मळ व शेवटचा लेप ४, चाके, क्षेपणास्त्रे, चौथरा व पेटी ७. एकूण ५६ तास. पहिल्या मॉडेलला याच्या दुप्पट वेळ गेला होता, आणि जास्तीचा जवळजवळ सगळा वेळ दुरुस्तीचा होता.

पद्धत समजावी म्हणून ढोबळ आकडे घेऊ. आठ तासांची मजुरी ८०० रुपये धरली तर तासाला १०० रुपये, म्हणजे ५६ तासांचे ५,६०० रुपये. किट ३,५०० रुपये, रंग, टेप, पाती वगैरे ९०० रुपये, चौथरा व काचेची पेटी १,५०० रुपये. बेरीज ११,५०० रुपये. भाडे, वीज आणि मोडतोड यांसाठी त्यावर दहा टक्के, म्हणजे १,१५० रुपये. झाले १२,६५० रुपये. ही आपली लागत. नफा याच्या वर सुरू होतो. पहिल्या ऑर्डरला आम्ही मजुरीचा रकानाच धरला नव्हता. आपल्या घरच्या मुलांनी रात्री बसून केलेले काम फुकटचे असते, ही समजूत कारागिराला बुडवते. मुलाच्या रात्रीलाही भाव आहे.

बहुतेक किट परदेशी असतात. मापाची मॉडेले आयातीत खेळण्यांच्याच वर्गात मोडतात. या वर्गावरची जकात २०२० साली २० वरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के करण्यात आली. म्हणून भाव सांगण्यापूर्वी त्या वेळचा दर दुकानदाराकडून लेखी घ्यावा. लहान मुलांसाठी खेळणे म्हणून काही विकायचे असेल तर १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचा नियम लागू आहे. आपली वस्तू शोभेची आहे, हे बिलावर स्पष्ट लिहावे.

ऑर्डरच्या वेळी चार गोष्टी कागदावर घ्याव्यात : अर्धी रक्कम आगाऊ, छायाचित्रावर सही, पावसाळ्याची सूट धरून तारीख, आणि वाहतुकीत मोडल्यास जबाबदारी कोणाची. ओळखीच्या माणसाकडूनही हा कागद घ्यावा. ओळख टिकते ती त्यामुळेच.

एका लाकूड व्यापाऱ्याची गोष्ट

एवढ्याशा कामात काय भविष्य, असे कोणी विचारील. जपानमध्ये शिझुओका नावाचे शहर आहे. १९४६ साली तेथे योशिओ तामिया यांनी लाकूड कापण्याचा व विकण्याचा धंदा सुरू केला. पुढे त्यांनी जोडीला लाकडी मॉडेले बनवायला घेतली. १९५१ साली आगीत त्यांचा लाकडाचा साठा जळाला. त्यानंतर इमारती लाकडाचा धंदा सोडून त्यांनी मॉडेलांवरच भर दिला. लोक प्लास्टिककडे वळले तेव्हा १९६० साली त्यांनी पहिले प्लास्टिकचे किट काढले. आज तामिया हे नाव या क्षेत्रात जगभर घेतले जाते. आओशिमा, फुजिमी याही कंपन्या त्याच शहरातल्या, तर हासेगावा शेजारच्या याइझू शहरातली. एकाच शहरात साचे करणारे, छापणारे, खोकी बांधणारे जवळजवळ आले आणि एकाच्या कामातून दुसऱ्याला काम मिळत गेले.

आपल्या गल्ल्यांतही डाय-मेकर, प्रिंटर, सुतार, काच कापणारे आणि रंगारी शेजारी-शेजारी बसतात. फक्त एकमेकांच्या दुकानात ते चहापुरते जातात.

खरे सांगायचे तर केवळ विमानांच्या मॉडेलांवर आज आमचे घर चालत नाही. गाड्यांचा रंग हाच आमचा आधार आहे. पण महिन्याला एक-दोन मॉडेले पूर्ण हिशेबाने जातात आणि त्यातून बांधकाम व्यावसायिकांच्या इमारतींची मॉडेले, जहाजांची दुरुस्ती अशी कामेही येऊ लागली आहेत. ज्याच्याकडे कॉम्प्रेसर आहे, हाताला सफाई आहे आणि पावसाळ्यात धंदा मंद असतो, त्याने एक छोटे किट आणून हात आजमावावा. आमची विनंती एवढीच, की किटबरोबर एक वहीही विकत घ्यावी आणि पहिला भाग कापण्यापूर्वी तीत घड्याळातली वेळ लिहावी.